काटेसाहेबांच्या अंगणातले नऊ पत्रे

काटेसाहेबांचं आडनाव काटे नाही. खरं आडनाव कचेरीतल्या हजेरीपटावर आहे आणि ते वाचायची वेळ आमच्यापैकी कुणावर कधी आली नाही. विमानात पायलटपुढे एक छोटा काटा असतो, तुम्ही धावपट्टीच्या डावीकडे सरकलात की उजवीकडे हे सांगणारा. त्या काट्याची बडदास्त ठेवण्यात या माणसाने एकोणतीस वर्षं घालवली, म्हणून ते काटेसाहेब. नव्या मॅनेजरने तर 'श्री. काटे' असं नाव घालून त्यांना मेमो दिला होता. साहेबांनी तो निमूट घेतला, सही केली आणि चूक दाखवली नाही. चूक दाखवायची म्हणजे तोंड उघडावं लागतं.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. माणूस देवासारखा, असं लोक म्हणतात. असेलही. देवाकडूनही उत्तर येत नाही.

आमचं विमानतळ लहान. सकाळी एक विमान येतं, तासाभराने तेच परत जातं. धावपट्टीच्या टोकाला नारिंगी अँटेनांची रांग उभी आहे. परक्या माणसाला वाटतं, कपडे वाळत घालायची सोय असेल. एकदा अग्निशमनवाल्याने खरोखरच टॉवेल टाकला होता. ही रांग येणाऱ्या विमानाच्या दिशेने एकाच वेळी दोन सूर सोडते. एक खालचा, सेकंदाला नव्वद हेलकाव्यांचा. दुसरा वरचा, दीडशेचा. विमान मध्यरेषेच्या डावीकडे असलं तर खालचा सूर जोरात पोचतो, उजवीकडे असलं तर वरचा. दोन्ही सारखेच पोचले की समजायचं, आपण धावपट्टीच्या बरोब्बर नाकासमोर आहोत. ते सूर ऐकायचं काम यंत्राचं. पायलटला फक्त मध्यावर उभा राहिलेला काटा दिसतो. धावपट्टीच्या कडेला एक उंच खांब आहे, तो हीच युक्ती वर-खाली करतो. एक सूर वर, एक खाली आणि मधल्या तीन अंशांच्या उतारावरून विमान घसरगुंडीसारखं खाली येतं. बाहेर धुकं इतकं असतं की स्वतःचे बूट दिसू नयेत, तरी चाकं जिथे टेकायची तिथेच टेकतात.

या यंत्राला एक पहारेकरी पेटी जोडलेली असते. सूर ठरल्यापेक्षा जास्त बिघडले की ती सगळं बंद करून टाकते. खोटं सांगण्यापेक्षा गप्प बसावं, हा या यंत्राचा धर्म. काटेसाहेबांनी तो इतका मनावर घेतला होता की खरं सांगायच्या वेळीसुद्धा ते गप्पच बसत.

एकाच बाबतीत त्यांची लेखणी चाले. धावपट्टीच्या आसपास धातूचं काही मोठं उभं राहिलं, की सूर त्याच्यावर आपटून वाकडेतिकडे परततात आणि काटा डळमळायला लागतो. म्हणून विमानतळाच्या परिसरात काहीही उभं करायचं तर काटेसाहेबांचा ना-हरकत दाखला लागतो. आणि साहेबांची हरकत असतेच. शाळेच्या मैदानावर लोखंडी गोलपोस्ट नको, पोरं दप्तरं ठेवून खेळतात. अग्निशमनच्या गाडीने सरळ उभं राहायचं नाही, तिरकं राहायचं. मॅनेजरला स्वतःच्या नावाची लोखंडी पाटी हवी होती, साहेबांनी ती पुठ्ठ्याची करायला लावली. दोन महिन्यांत वाळवीने ती आडनावापर्यंत खाल्ली.

आता घराकडे वळतो, कारण सगळं रामायण तिथे झालं.

कर्मचाऱ्यांची जोडघरं कुंपणाला लागून आहेत, धावपट्टीपासून तीनशे पावलांवर. एका घरात साहेब आणि वहिनी. वहिनी दुपारी दहा-बारा मुलांना गणित शिकवतात आणि पाढा ओरडून म्हटल्याशिवाय डोक्यात शिरत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. शेजारच्या घरात साहेबांची मोठी बहीण. त्या सगळ्यांच्याच ताई. आई गेली तेव्हा साहेब नऊ वर्षांचे होते, ताई एकोणीसच्या. शिवणयंत्र चालवून त्यांनी भावाला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्या गडबडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. अकरा वर्षांपूर्वी शेजारचं घर रिकामं झालं तेव्हा साहेबांनी ते ताईंसाठी मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे अर्ज मी लिहिला, त्यांनी सही केली.

दोन घरांना मिळून एकच अंगण. दुपारी इकडून सतराचा पाढा, तिकडून शिवणयंत्राची खडखड. पाढ्यामुळे ताईंची शिवण वाकडी जाते आणि यंत्रामुळे मुलं सतरा पंचेवर अडकतात, अशी दोन्हीकडची तक्रार. साहेब मधोमध खुर्ची टाकून बसत. दोन्ही आवाज सारखे येतील ती जागा त्यांनी मोजून काढली होती आणि फरशीवर खडूने खूण केली होती. एवढं करून तोंडातून ब्र नाही.

एके दिवशी ताईंच्या कात्रीने कुणीतरी कागद कापला.

कापडाच्या कात्रीने कागद कापणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात शिवणकाम आहे त्यालाच विचारा. धार जाते ती जातेच. ताईंची ती कात्री तीस वर्षांची. मुलांसाठी आकड्यांच्या कागदी चिठ्ठ्या कोण कापतं, हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं.

"मी माझ्या हातांनी फाडते चिठ्ठ्या. पट्टी ठेवून," वहिनी म्हणाल्या. "कात्रीला हात लावलेला नाही."

"मग कात्री आपली आपण चालत गेली असेल," ताई म्हणाल्या.

"चालायला तिला धार कुठे होती आधी तरी!"

तेवढं बोलायला नको होतं. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून ठरवलं की अंगणात भिंत घालायची. बावीस वर्षांत नणंद-भावजयीचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. साहेब इतके हरखले की ती गोष्ट नेमकी काय आहे याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. जुन्या गोदामाचे उतरवून ठेवलेले पत्रे पडून होतेच, माणसाच्या दीडपट उंच. नऊ पत्रे, दहा खांब, दोन दिवसांत भिंत तयार. नियमाप्रमाणे दाखला हवा, म्हणून साहेबांनी अर्ज लिहिला. अर्जदार ते. तपासणारे ते. 'हरकत नाही' म्हणून खाली सही त्यांचीच. एकोणतीस वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला दाखला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यात आणखी एक मौज. भिंतीमुळे अंगणाचं फाटक वहिनींच्या वाट्याला गेलं. ताईंच्या बाजूला राहिलं ते फक्त विमानतळाकडे उघडणारं दार. म्हणजे साहेबांना बहिणीकडे जायचं तर वळसा घालून मुख्य इमारतीत जावं लागे, पास दाखवावा लागे, खिसे तपासून घ्यावे लागत आणि वहीत लिहावं लागे. 'भेटीचं कारण: जेवण.' दोघींपैकी कुणाला वाईट वाटू नये म्हणून ते अर्धं इकडे जेवत, अर्धं तिकडे. सुरक्षारक्षक रोज यंत्र त्यांच्या पोटाजवळ फिरवी आणि विचारी, "आज आत काय?"

त्या दिवसांत मी एकदा त्यांना चिडून म्हणालो, "साहेब, एका कात्रीपायी हे चाललंय. कुणी वापरली ते एकदा शोधून काढा."

साहेब आलेखाच्या कागदाची गुंडाळी सरळ करत होते. यंत्राच्या नोंदी त्या लांबलचक कागदावर उमटतात, मग आम्ही तो कापून फाइलला लावतो. ते मान वर न करता म्हणाले, "मी वापरली."

"काय?"

"कचेरीतली कात्री सापडेना. हा कागद कापायचा होता. पाच मिनिटांचं काम."

माझा आवाज चढला. "मग सांगा ना तसं!"

"आता बावीस दिवस झाले," ते म्हणाले. "आता सांगितलं तर बावीस दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल."

मी कपाळावर हात मारला. तेव्हा मला वाटलं होतं की हे हसण्यावारी जाईल. पण पंधराच दिवसांत ताईंनी तिकीट काढलं.

लांबच्या गावी त्यांचा एक चुलतभाऊ राहतो. त्याने पत्र पाठवलं होतं की घर मोठं आहे, माणसं भरपूर आहेत, तू ये, तुझाच आधार होईल. त्या घरात बिनपगारी स्वयंपाकीण हवी आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ताईंनाही कळत होतं. त्या म्हणाल्या, "पत्र्याच्या पलीकडे भाऊ आहे हे रोज ऐकण्यापेक्षा लांब गेलेलं बरं." तिकीट शनिवारचं होतं. आमच्या त्या एकुलत्या एका विमानाचं, जे साहेबांच्या सुरांवरून खाली येणार आणि ताईंना घेऊन जाणार. साहेबांनी तिकीट पाहिलं, तारीख पाहिली, परत दिलं. 'जाऊ नकोस', दोन शब्द. ते नव्वद आणि दीडशेच्या मधला फरक कानाने ओळखतील, पण हे दोन शब्द त्यांच्या घशातून निघेनात. त्यांचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चहासुद्धा घेतला नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात काटा डळमळायला लागला.

रोजच्या पायलटने कळवलं, "दोन किलोमीटरवर आलो की काटा जरा डावीकडे झुकतो, मग सरळ होतो." पहारेकरी पेटीने सगळं बंद करावं इतकं काही नव्हतं. पण गुरुवारी तपासणीचं विमान येणार होतं. दर सहा महिन्यांनी ते येतं, पट्टीवरून पुन्हा पुन्हा खाली झेपावून सूर मोजतं आणि पास की नापास ते सांगतं. नापास झालो की यंत्र बंद. धुक्याचे दिवस तोंडावर आलेले. यंत्र बंद म्हणजे विमान बंद.

मॅनेजरने बैठक घेतली. काट्याने मध्यभागी राहावं अशा आशयाचं परिपत्रक काढता येईल का, असं त्यांनी आधी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग कारण काय?"

मी म्हणालो, "गेल्या दोन महिन्यांत या भागात धातूची नवीन वस्तू एकच उभी राहिलीये." सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीतून नऊ पत्र्यांकडे पाहिलं.

"दाखला रद्द करा," मॅनेजर म्हणाले. नियमावली उघडली. दाखला रद्द करायचा तर ज्याने दिला त्याने अर्जदाराला तीस दिवसांची नोटीस द्यायची. म्हणजे साहेबांनी साहेबांना. तीन दिवसांवर तपासणी. शेवटी राजीखुशीने पत्रे उतरवावेत असं ठरलं आणि विचारायला मला पाठवलं.

"मी आधी पत्रा काढला तर कात्री मीच वापरली असं होईल," वहिनी म्हणाल्या. "त्यांना काढू दे."

ताई बॅग भरत होत्या. "मी काढला तर मी खोटा आळ घेतला असं होईल. शनिवारनंतर काय करायचं ते करा. तोवर एक स्क्रू निघणार नाही."

गुरुवारी सकाळी मी कामावर आलो तर साहेब आधीच भिंतीपाशी. हातात रेडिओ, कानाला हेडफोन, सोबत स्क्रू काढायला पाने-पेचकस घेतलेले दोन गडी. भिंतीच्या एका टोकाला उंच स्टूल ठेवून ते त्याच्यावर उभे, म्हणजे दोन्ही अंगणांत त्यांचं डोकं दिसत होतं. मला म्हणाले, "तू पण हेडफोन लाव. जवळ थांब." त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. मी विचारलं नाही.

तपासणीचं विमान आलं, वळलं, पट्टीवर झेपावलं आणि गुरगुरत वर निघून गेलं. माझ्या कानात पायलटचा आवाज आला, "पहिली फेरी. काटा मध्यावर. एकदम सरळ."

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात स्टुलावरून साहेब गंभीर आवाजात म्हणाले, "डावीकडे. दोन रेघा."

मी मान वर करून पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत या माणसाने एका आकड्यात कधी अर्ध्याची खोट केली नव्हती.

"कुणाच्या बाजूने?" पलीकडून वहिनी.

"ताईच्या दाराकडच्या टोकाचा पहिला पत्रा," साहेब म्हणाले. "तो उतरवून बघायला लागेल. पायलट थांबलाय."

"माझाच का?" ताई म्हणाल्या.

"पुढच्या फेरीला दुसऱ्या टोकाचा काढू. बरोबरीने."

बरोबरीने म्हटल्यावर ताईंनी हात बाजूला केला. गड्यांनी पत्रा उतरवला. विमान पुन्हा आलं. पायलट म्हणाला, "दुसरी फेरी. उत्तम. काही अडचण नाही." साहेबांनी दोन्ही अंगणांना कळवलं, "आता उजवीकडे. तीन रेघा. हिच्या फाटकाकडच्या टोकाचा."

"माझ्या टोकाच्या तीन आणि त्यांच्या दोनच?" वहिनी उसळल्या.

"यंत्र सांगतंय, मी नाही," साहेब म्हणाले. इतकं सराईत खोटं मी राजकारणातल्या माणसाकडूनही ऐकलं नव्हतं.

मग जे सुरू झालं त्याला काय नाव द्यावं मला कळत नाही. आकाशात चार माणसं आणि लाखमोलाची यंत्रं घेऊन एक विमान घिरट्या घालतंय आणि खाली दोन बायका कुणाच्या पत्र्याने काटा जास्त वाकवला यावर भांडतायत. "माझ्या तिसऱ्याने एकच रेघ!" "माझ्या तिसऱ्याने तर शून्य, विचारा पायलटला!" साहेब मान डोलावत, दर फेरीला आकडा जाहीर करत. पायलट बिचारा हैराण. "सातवी फेरी. सगळं उत्तम आहे हो. अजून किती?" साहेबांनी बटण दाबलं. "अजून एक. खात्री करायचीये." "खात्री कसली? इतका सरळ काटा मी वर्षभरात पाहिला नाही." साहेबांनी बटण सोडलं आणि अंगणाला सांगितलं, "अर्धी रेघ. पण आहे."

इकडचे चार गेले, तिकडचे चार गेले. उरला मधला, पाचवा. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता, म्हणजे दोघींच्याही होता. एकीकडची कड ताईंनी धरली, दुसरीकडची वहिनींनी. आता आजूबाजूला भिंत अशी राहिली नव्हतीच. मोकळ्या अंगणात दोन बायका एक पत्रा धरून समोरासमोर उभ्या होत्या आणि तो पत्रा मधे असल्याने त्यांना एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. गड्यांनी स्क्रू केव्हाच काढले होते.

"कुणी सोडायचा ते पायलट सांगेल," ताई म्हणाल्या.

पायलट म्हणाला, "मी निघालो. पास. कागद पाठवतो." आणि विमान डोंगरामागे दिसेनासं झालं.

साहेब स्टुलावर तसेच. सांगायला आता विमानही नव्हतं आणि आकडाही नव्हता. त्यांच्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता. त्यांनी हेडफोन काढला. रेडिओच्या बटणावर अंगठा तसाच दाबलेला होता, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"कात्री मी वापरली होती," ते म्हणाले. "आलेखाचा कागद कापायला."

माझ्या कानात लांबून पायलटचा आवाज आला, "कात्री? पुन्हा सांगा. कात्री कळली नाही."

दोघींनी एकदमच पत्रा सोडला. तो फरशीवर असा आदळला की वसाहतीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. मग दोघी स्टुलाकडे निघाल्या. मी साहेबांच्या वतीने मनातल्या मनात माफी मागून घेतली, कारण पुढचा पाऊण तास त्यांना ती संधी मिळणार नव्हती.

"महिनाभर!" ताई ओरडल्या.

"चाळीस झाले आता!" वहिनींनी हिशोब दुरुस्त केला. "चाळीस दिवस मला सगळ्या वसाहतीत खोटी ठरवली!"

"आणि माझ्या तोंडून हिला नको नको ते बोलवलं!"

"लहानपणी कधी दोन फटके दिले नाहीत का हो ताई यांना?"

"नाही दिले गं. आई नाही म्हणून नाही दिले. तिथेच चुकलं."

मी तिथून काढता पाय घेतला आणि यंत्राच्या खोलीत जाऊन नोंदवही उघडली. रोजच्या पानावर मला सही करावी लागते. साहेबांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी सहा. तिसऱ्या अँटेनाच्या केबलचा सांधा उघडला. आत मुंग्यांनी घर केलं होतं. सांधा बदलला. सूर पूर्ववत. काट्याच्या डळमळीचं कारण हेच. अंगणातील पत्र्यांचा परिणाम नाही. मोजून खात्री केली.' खाली वेळ, आकडे, सही. पहाटे चिखलात बसून त्यांनी दोष शोधला होता, काढला होता आणि खरं ते लिहून ठेवलं होतं. वहीत खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही. मी सही केली, वही मिटली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली, जिथे मॅनेजरचा हात पोचत नाही.

दुपारी वहिनींनी मला फाटकापाशी गाठलं. "भावजी, पत्र्यांचा काही संबंध नव्हता ना?"

मी खोकलो.

"राहू दे. गणित शिकवते मी. दोन, तीन, एक, एक, एक, शून्य आणि मग अर्धी रेघ. कुठलंही यंत्र असं मोजत नाही. पण ताईंना बोलू नका. त्यांना खरं वाटलंय, वाटू दे."

संध्याकाळी ताईंनी हाक मारली. सुरक्षारक्षकाच्या वहीत सही न करता त्यांच्या घरात शिरण्याची कित्येक दिवसांत ती माझी पहिलीच वेळ. खोलीत शिवणयंत्रावरचं झाकण काढलेलं होतं. बॅग कॉटवर उघडी पडली होती, निम्मे कपडे बाहेर, निम्मे आत.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "विमान चांगलं चाललं होतं ना?"

मी पुन्हा खोकलो. माझा खोकला त्या दिवशी फार कामाला आला.

"अकरा वर्षं या खिडकीत बसून शिवतेय मी. विमान कुठे आलं की रेडिओवर बोलतात, ते मला पाठ आहे. तिसऱ्या फेरीला ते अजून डोंगराआडून वळलंही नव्हतं आणि हा म्हणतो, डावीकडे एक रेघ." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. "लहानपणी शेजारच्यांची काच फुटली की हा आपणहून जाऊन सांगायचा, मी फोडली म्हणून. खोटं बोलायला याला कधी जमलंच नाही. आज स्टुलावर उभा राहून, सगळ्या वसाहतीसमोर, सरकारी विमान आकाशात अडकवून माझ्यासाठी खोटं बोलला. 'ताई, जाऊ नकोस' म्हणता येत नाही म्हणून." थोडं थांबून म्हणाल्या, "हिला सांगू नकोस. तिला पत्र्यांचंच खरं वाटू दे."

मी मान हलवली. ज्या माणसाला मी अकरा वर्षं दगड म्हणत आलो, त्याच्याबद्दल मला त्या क्षणी इतकी माया वाटली की मीही खिडकीकडे तोंड फिरवलं.

ताईंनी बॅगेतले उरलेले कपडे भराभर कॉटवर काढले, बॅगेची चेन लावली आणि कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"चढ. ही माळ्यावर टाक."

मी चढलो आणि बॅग कडेला ठेवली.

"आणखी मागे," त्या म्हणाल्या.

मी ढकलली.

"आणखी. माझा हात पोचता कामा नये."